मानीबाईंचा साधा फोटो

साधं म्हणून सांगितलेल्या कामापासून माणसानं चार हात लांब राहावं. अवघड काम असलं की आपण आधीच घाबरतो, दोघाचौघांना विचारतो, देवाला नारळ बोलतो आणि ते कसंबसं निभतं. साध्या कामात मात्र आपण हात हलवत घुसतो आणि मग बाहेर यायची वाट सापडत नाही. कळंबच्या गजानन ले-आउटमधले देवीलाल राठोड असेच एका फोटोत घुसले. फोटो त्यांच्या आईचा, मानीबाईंचा होता, आणि तोही साधा.

मानीबाई मूळच्या फुलसावंगीकडच्या तांड्यावरच्या. ढावलो म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी निघाली की आईच्या, मावशीच्या, बहिणीच्या गळ्यात पडून रडते, आणि ते रडणं गाण्यात असतं; तो ढावलो. नुसते हुंदके देऊन भागत नाही. हुंदका तालात यावा लागतो आणि दोन हुंदक्यांच्या मध्ये सगळं माहेर मावावं लागतं. तांड्यावरच्या बायका खूप दिवसांनी भेटल्या तरी अशाच गळ्यात पडून रडतात, आणि घरातलं माणूस गेलं तरीही. जाणकाराला तिन्हींचे शब्द वेगळे, चाल वेगळी. बाहेरच्याला सगळं सारखंच वाटतं.

तर पुण्याच्या एका संस्थेतून सुरभीताईंचा फोन आला. अशा गायिकांचा त्या संग्रह करत होत्या. "काहीच विशेष नको, काका," त्या म्हणाल्या. "एक साधा फोटो. मागे मोकळा पडदा, चेहऱ्यावर उजेड, बस्स. आणि कॅमेरा एका जागी ठेवून पाच मिनिटांचं गाणं. फक्त शनिवारपर्यंत पाठवा, कारण रविवारी यादी बंद होतेय."

देवीलाल सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तीस वर्षं टिपण्या लिहून त्यांची जीभही टिपणीच्याच वळणाची झाली होती. घरातला गॅस संपला की ते बायकोला, पुष्पाबाईंना, "उचित कार्यवाही व्हावी" असं सांगत आणि पुष्पाबाई उचित कार्यवाही म्हणून त्यांनाच सिलिंडर आणायला पाठवत. "आपल्या विनंतीस अनुसरून शनिवारपर्यंत पूर्तता करतो," असं ते सुरभीताईंना म्हणाले आणि फोन ठेवून दिवसभर कचेरीत सांगत हिंडले की आमची आई पुण्याला चालली. म्हणजे फोटो चालला होता, पण तेवढा बारकावा कोण सांगतो!

फोटोसाठी गावातला उकंडा आला. उकंडा लग्नाचे फोटो काढणारा. सतत नवरा-नवरी पाहून त्याची नजर त्याच मापाची झाली होती.

"साधा म्हणजे कसा, राठोडसाहेब?" त्यानं विचारलं. "धुरात का बिनधुराचा?"

"धूर कशाला?"

"धूर पायजे. आजी धुरातून चालत येतीन. वरून ड्रोन फिरवू. मंग स्लो मोशन."

"उकंडा, ती गुडघ्यांमुळे आधीच स्लो मोशनमध्ये चालते. नुसता बसलेला फोटो पाहिजे."

उकंडाला एवढा अपमान कुठल्याच लग्नात सोसावा लागला नव्हता. तरी तो कबूल झाला, कारण मानीबाईंनी त्याला हातानं बेसनाची वडी दिली होती.

मग मोकळ्या पांढऱ्या भिंतीचा शोध सुरू झाला. देवीलालांच्या घराच्या भिंती पोपटी होत्या आणि तो रंग पुष्पाबाईंनी निवडलेला असल्यामुळे त्याविषयी बोलायची सोय नव्हती. गावातल्या एका सभागृहाची भिंत पांढरी होती. तिथल्या बाबूनं सांगितलं, अर्ज करा. देवीलाल खूश झाले. अर्ज म्हणजे त्यांचं घरचं अंगण. पण अर्जाला कलावंताचा अलीकडे काढलेला फोटो जोडायचा होता.

"फोटोच तर काढायचा आहे," देवीलाल म्हणाले.

"मंग काढून घ्या अन् आणून द्या. परवानगी भेटते," बाबू म्हणाला.

"फोटो काढल्यावर परवानगी कशाला लागेल?"

"थे तुमी ठरवा, साहेब. मी कायले सांगू?"

देवीलालांना राग आला नाही. उलट आपल्याच जातीचा कारागीर भेटल्यावर वाटतं तसं कौतुक वाटलं, आणि ते मुकाट घरी आले. शेवटी शनिवारी सकाळी घरासमोरच्या अंगणात काम करायचं ठरलं.

अंगण म्हटल्यावर शेजारी आलेच. शेजारचे मारोतराव कापसातून नुकतेच मोकळे झाले होते आणि मोकळा शेतकरी सल्ला देण्याच्या बाबतीत फार उदार असतो. "ऊन लागन बुढीले," ते म्हणाले आणि त्यांनी अंगणावर हिरवी जाळी ताणून दिली. मग "पाहाले लोकं येतीन, उभे काहून ठेवता?" म्हणत मंगल कार्यालयातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून रांगेत मांडल्या. त्यांच्या शकुबाईंनी पडद्यासाठी कोरी पांढरी चादर दिली. उकंडानं ती दारासमोर बांधली, आणि पायताणं कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून सगळ्यांना ती फाटकाबाहेर काढायला लावली. हिरवी जाळी, रांगेत खुर्च्या, पांढरी चादर, फाटकाबाहेर चपलांचा ढीग. ज्याला त्याला आपापलं काम चोख झाल्याचं समाधान होतं. सगळं मिळून काय दिसतंय हे बघायला रस्त्यावर जाऊन उभं राहावं लागलं असतं, आणि तेवढी फुरसत कोणाला नव्हती.

फोटो मात्र छान निघाला. मानीबाई रोजच्याच लुगड्यात, पदर नीट करून बसल्या आणि उकंडाकडे असं पाहू लागल्या की हा जेवला की नाही, असा प्रश्न त्यांना पडला असावा. फक्त पोपटी भिंतीचा उजेड येऊन चेहरा कैरीसारखा दिसत होता. उकंडानं फोटो काळा-पांढरा करून टाकला. आता त्यात मानीबाईंच्या सुरकुत्या न् सुरकुत्या उठून दिसायला लागल्या. देवीलाल पाहतच राहिले. आपली आई इतकी देखणी आहे हे त्यांच्या आजवर ध्यानात आलं नव्हतं, आणि ते थोडा वेळ उगाच खुर्च्या सरळ करत बसले.

मग त्यांनी तो फोटो 'राठोड परिवार' या मोबाइलच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच कचेरीच्या ग्रुपवरही टाकला. खाली मजकूर हवा होता. पुण्याची संस्था, संग्रह, बंजारा लोककला असा मोठा मसुदा मनात होता, पण उकंडा घाई करत होता. सविस्तर पत्र मागाहून पाठवायची सवय कामी आली. त्यांनी लिहिलं, "तपशील मागाहून कळवतो."

"मोबाइल बंद करा सगळ्याईनं," उकंडा ओरडला. "आता व्हिडिओ हाय. मधात वाजला तं पुन्हा पयल्यापासून."

सगळ्यांनी फोन बंद केले. देवीलालांनी आपला बंद करून कपाटात ठेवला.

इथवर फोटोचं झालं. खरी पंचाईत गाण्याची होती, आणि ती काय आहे हे देवीलालांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मानीबाई कॅमेऱ्यासमोर बसल्या, घसा साफ केला आणि गप्प झाल्या.

"म्हण ना, याडी," देवीलाल म्हणाले. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

"कोनाच्या गळ्यात पडू?" मानीबाईंनी विचारलं. "कॅमेऱ्याले गळा हाय का?"

"तशीच म्हण."

"तसा नाई येत ढावलो. गळा लागते."

हा गळा म्हणजे झमलीबाई, मानीबाईंची धाकटी बहीण. जन्मभर दोघींनी जोडीनं ढावलो म्हटला. मानीबाईंनी ओळ उचलायची आणि झमलीबाईंनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून ती पुढे न्यायची. महागाव तालुक्यात त्या दोघींशिवाय पोरगी वाटेला लागत नसे. पण एका लग्नात मानीबाईंना यायला जरा उशीर झाला आणि झमलीबाईंनी थोरलीच्या आधीच पहिली ओळ उचलली. तेवढंच झालं. मानीबाई दारातून परत फिरल्या आणि त्या दिवसापासून दोघी बोलत नव्हत्या. "थे येईन तं येईन, मी नाई बलावत," असं मानीबाई कळंबला म्हणत. "बाई बलावीन तं जाईन, मी आपल्या मनानं नाई जात," असं थोरलीला 'बाई' म्हणणाऱ्या झमलीबाई फुलसावंगीला म्हणत. मध्ये कित्येक लग्नं कोरडी गेली. मानीबाई अलीकडे चुलीजवळ एकट्याच गुणगुणत आणि अर्ध्यावर थांबत. ते थांबणं ऐकलं की देवीलाल ताटावरून उठून जात. खरं सांगायचं तर पुण्याची यादी हे निमित्त होतं. आईचं गाणं आईबरोबर अर्धंच जाईल, ही भीती त्यांना आतून खात होती.

पण शनिवार उजाडला होता आणि गळा पाहिजे होता. पहिला गळा पुष्पाबाईंचा. सासू गळ्यात पडताच पुष्पाबाईंना गुदगुल्या झाल्या. सासू-सुनेला अशी मिठी मारायची सवय नसल्यामुळे दोघींना हसू आवरेना.

"मले लावा," शकुबाई पुढे आल्या. "मले रडाले येते."

शकुबाईंना नुसतं येत नव्हतं, त्या त्यात पारंगत होत्या. मानीबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकून एक ओळ म्हटली मात्र, शकुबाईंना मारेगावला दिलेली लेक आठवली. त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यापुढे ढावलोचा ताल, कडवं, सगळं वाहून गेलं. "वं माय वं!" ही एकच ओळ त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या वर नेली की मानीबाई स्वतःचं गाणं सोडून त्यांची पाठ चोळू लागल्या.

"आवाज फाटून राह्यला, शकुबाई," उकंडा कानांवरचे हेडफोन काढत म्हणाला.

पण आवाज ले-आउटभर पोचला होता. मागच्या गल्लीतल्या विमलताई हातातलं काम टाकून आल्या. त्यांच्या मागून आणखी बायका आल्या. बाहेर चपला दिसल्या तशा त्यांनी आपल्याही काढल्या, जाळीखाली आल्या, खुर्च्यांवर बसल्या आणि पांढऱ्या चादरीकडे पाहून पदर तोंडाला लावला. चादरीपलीकडे मानीबाई पाणी प्यायला घरात गेल्या होत्या. त्यामुळे त्या कोणालाच दिसल्या नाहीत.

"कवा झालं?" विमलताईंनी देवीलालांना हळूच विचारलं.

"आत्ताच. फार छान झालं," देवीलाल फोटोच्या धुंदीत म्हणाले. "काही त्रास नाही झाला. एकाच जागी बसल्या-बसल्या."

"पुण्यवान बाई," विमलताई म्हणाल्या आणि रडू लागल्या. देवीलालांना वाटलं, कलेची कदर अशी असावी.

एवढ्यात कचेरीचे साहेब आले. मागे चौघे सहकारी आणि एकाच्या हातात झेंडूचा मोठा हार. साहेबांनी देवीलालांचे दोन्ही हात हातात घेतले. "राठोड, खचू नका," ते म्हणाले. "ग्रुपवर फोटो पाहिला. शनिवारची सुटी असून आम्ही कचेरीत जमलो, दोन मिनिटं उभे राहिलो."

"फोटोसाठी उभे राहिलात?" देवीलालांचा ऊर भरून आला. तीस वर्षांत खात्यानं त्यांच्यासाठी कोणाला उभं केलं नव्हतं.

"किती वाजता काढणार?"

"साहेब, काढला की. फक्त गाणं बाकी आहे."

साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू दुःखानं यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, आणि नेमक्या त्या वेळी चादर बाजूला सारून मानीबाई बाहेर आल्या. विमलताईंनी किंकाळी फोडली. दोन खुर्च्या उलटल्या. हारवाल्या माणसानं हार पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण हार त्याच्यापेक्षा रुंद होता.

"एवढे लोकं कायले आले?" मानीबाईंनी विचारलं. मग हार दिसला. "माह्या सत्काराले?"

साहेब जन्मभर प्रशासनात मुरलेले होते. त्यांनी सरळ हार घेतला आणि मानीबाईंच्या गळ्यात घातला. "विभागाच्या वतीनं," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जादा खुर्च्यांसाठी गेलेल्या मारोतरावांना तेवढी वाटेतच बातमी लागली होती आणि ते मंगल कार्यालयाशेजारच्या वखारीत लाकडाचा भाव विचारून परतत होते. ते फाटकातच थांबले, हिशेब गिळला आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आता कुठे देवीलालांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी कपाटातून फोन काढून सुरू केला आणि तो हातात थरथरत राहिला. "भावपूर्ण श्रद्धांजली." "मावशी गेली, आधार गेला." "ॐ शांती. तपशील लवकर कळवा." ज्यांनी दिवाळीला नमस्कारही पाठवला नव्हता त्यांनी मानीबाईंवर चार-चार ओळी लिहिल्या होत्या. आणि सगळ्यांत खाली मावसभाऊ हिरासिंगचा निरोप होता. "आईले घेऊन निघालो. आमी आल्याबिगर उचलू नोका."

हिरासिंगची आई म्हणजे झमलीबाई.

देवीलालांनी फोन लावला, पण हिरासिंग गाडी चालवताना फोन उचलत नाही, एवढी एकच शिस्त त्याच्या अंगात होती.  जिवंत बहिणीच्या मरणाला बोलावून घेतलं म्हणून मावशी आता काय म्हणेल? एक दुरावा होता, त्याचे आता सात होतील. ते आईला सांगायला गेले. मानीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"झमली निंगाली?" त्यांनी एवढंच विचारलं. "आपल्या मनानं?"

"याडी, तू मेलीस म्हणून निघाली."

"कशी बी निंगाली, निंगाली ना?" मानीबाई म्हणाल्या आणि हार काढून पदर नीट करायला लागल्या.

कोणी घरी गेलं नाही. साहेबसुद्धा चहा घेत बसून राहिले. ऊन कलल्यावर गाडी फाटकाशी थांबली. मानीबाई चटकन चादरीआड झाल्या आणि झमलीबाई तोंडावर पदर ओढून, हिरासिंगचा हात धरून उतरल्या. हिरवी जाळी, पांढरी चादर, चपला, माणसं. घर अगदी कसं हवं तसं होतं. त्यांनी फाटकातच गाणं सुरू केलं आणि म्हणत म्हणत त्या चादरीसमोर आल्या.

देवीलाल धावले, पण मानीबाईंनी चादरीआडून त्यांचा शर्ट धरला. "थांब," त्या कुजबुजल्या. "म्हनू दे. चांगलं म्हनून राह्यली."

झमलीबाई म्हणत होत्या ते गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत होतं, आणि देवीलालांना शब्द न् शब्द कळत होता. बाई, तू मला पाठीवर घेऊन पाण्याला नेलंस, असं त्या म्हणत होत्या. तुझ्या भाकरीतली अर्धी मी खाल्ली. तुझी ओळ मी उचलली, बाई, कारण नवरी जात होती आणि तू दिसत नव्हतीस, आणि मला वाटलं तू येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवशील. त्या दिवसापासून माझ्या गळ्याला बूच बसलंय. एकदा हाक मारली असती तर मी अनवाणी आले असते. आता कोणाला थोरली म्हणू?

घरच्यांखेरीज अंगणात कोणाला भाषा कळत नव्हती आणि एकाचेही डोळे कोरडे नव्हते. चादरीआड मानीबाईंनी देवीलालांचा शर्ट सोडला होता. त्यांच्या तोंडावर आधी जी मिश्कील खुशी होती ती केव्हाच गेली होती.

त्या बाहेर आल्या. झमलीबाईंचा पदर डोळ्यांवर होता, त्यांनी पाहिलं नाही. मानीबाईंनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, खांद्यावर डोकं ठेवलं आणि धाकटीनं उचललेली ओळ तिथूनच पुढे नेली. मात्र शब्द बदलले. मरणाचं गाणं त्यांनी भेटीच्या गाण्यावर आणून ठेवलं. झमलीबाईंचा आवाज थांबला. त्यांनी पदर वर केला, बहिणीचं तोंड चाचपलं, कान चाचपले, एक सणसणीत धपाटा तिच्या पाठीत घातला आणि हंबरून पुन्हा गळ्यात पडल्या. मग दोघींनी जो ढावलो लावला, तो लग्नाचा, भेटीचा, मरणाचा, कोणता होता हे जाणकारालाही सांगता आलं नसतं. मध्येच दोघी हसत होत्या आणि हसूही तालात येत होतं.

देवीलाल पायरीवर बसून लहान पोरासारखे रडत होते. साहेबांसमोर, सहकाऱ्यांसमोर, सगळ्या ले-आउटसमोर. त्यांना लाज वाटायला हवी होती, पण छातीवरची धोंड कोणी उचलून नेल्यावर माणसाला आधी श्वास घ्यायचा असतो.

"उकंडा," बऱ्याच वेळानं त्यांना आठवलं. "घेतलं का रे?"

"सारं घेतलं, साहेब," उकंडा बाहीनं नाक पुसत म्हणाला. "धूर नाई, ड्रोन नाई. कॅमेरा हालवला बी नाई. मले डोयातल्या पान्यानं काई दिसतच नोतं."

संध्याकाळी व्हिडिओ पुण्याला गेला. सुरभीताईंचा फोन आला. पाच मिनिटांचं सांगितलं होतं, हे पाऊण तासाचं आहे, पण राहू दे, असं त्या म्हणाल्या. फक्त यादीत एकच नाव बसतं, तर मुख्य गायिका कोण?

देवीलालांनी आईला विचारलं. मानीबाई झमलीबाईंच्या ताटात तूप वाढत होत्या. "दोघीचं नाव टाका म्हन," त्या म्हणाल्या. "नाई बसत तं त्याईले म्हन, यादी मोठी करा."

देवीलालांनी तसं कळवलं आणि सुरभीताईंनी यादी मोठी केली. वरिष्ठ लिपिकाच्या आयुष्यात नियम इतक्या सहज वाकताना त्यांनी प्रथमच पाहिला.

हिरासिंग परतायला उठला. "चाल, आई," तो म्हणाला. "मावशी तं चांगली हाय. आता कायले थांबतं?"

झमलीबाईंनी बहिणीकडे पाहिलं. सोबत त्यांनी मोठं बोचकं आणलं होतं, कपडे, पांघरूण, औषधं, सगळं घालून. थोरलीच्या मरणाला आलेली धाकटी दिवस घातल्याशिवाय परतत नाही. मानीबाईंनी ते बोचकं उचललं आणि आपल्या खाटेखाली सरकवून दिलं.

"आली हायेस तं आता तेरवी करूनच जाय," त्या म्हणाल्या.